इतर हक्क

माहिती प्रणाली, असं तू विषयाचं मराठी नाव सांगितलंस
आणि मी हसले म्हणून रुसलीस.
अगं, त्यात तुझंच नाव आलं, म्हणून हसले.
प्रणाली. बारशाला आत्याने सुचवलं,
अर्थ तेव्हा कुणी विचारला नव्हता.

आणि दुसरं असं की
सव्वीस वर्षं मी तिच्या पोटातच बसलेय,
ठाणे तहसील, अभिलेख कक्ष, तळमजला.
लाल फडक्यात बांधलेले रुमाल,
गाठीला पुठ्ठ्याची चकती, चकतीवर गाव:
बाळकुम. कावेसर. शीळ. डायघर.
वाळवी कुठल्या गावाला लागलीय
हे मला वासावरून कळतं.

पहिली सहामाही गेंटला, दुसरी टार्टूला, तिसरी पोर्तुला,
चौथी जिथे प्रबंध घेतील तिथे.
तिघांची मिळून एक पदवी, एका कागदावर तीन शिक्के.
गेंटचे तीस श्रेयांक टार्टूत कुणी पुन्हा तपासत नाही म्हणे.
जेवणाच्या सुट्टीत मी हे सांगितलं
तर केणीभाऊंचा घास हातातच राहिला.
इथे चार नंबरच्या टेबलाची सही
पाच नंबरचं टेबल ओळखत नाही,
मध्ये फक्त एक पंखा आहे.

रविवारी फोनवर तू मला शिकवतेस:
एकच माहिती दोन जागी लिहू नये, आई.
लिहिली की कधीतरी
एक जागा खोटं बोलायला लागते.

हो, ठाऊक आहे.
शीळच्या जमिनीचा एक उतारा पत्र्याच्या पेटीत होता,
तुझ्या थोरल्या मामाने हाताने उतरवलेला.
एक माझ्या रुमालात.
पेटीतल्यावर तीन मामा.
रुमालातल्यावर तीन मामा, आणि शेवटच्या रकान्यात,
इतर हक्क,
विहिरीच्या पाळीखाली, बारीक अक्षरात,
मी.

त्या रकान्यात सगळं मावतं.
कुळं, पायवाट, सोसायटीचं जुनं कर्ज,
आणि बहिणी.

दर नारळी पुनवेला हक्कसोडपत्र पुढे यायचं
नारळीभाताच्या ताटाबरोबर.
मी चष्मा घरी विसरायचे.
एकवीस वर्षं विसरले.

मग तुझं निवडपत्र आलं. त्यातला आकडा युरोत.
मी तो तीनदा गुणला, तिन्ही वेळा तेवढाच आला.
दुसऱ्या दिवशी तलाठ्यापुढे रांगेत उभी राहिले,
ओळखपत्र पर्समध्ये घालून, अर्ज हातात.
नोटीस निघाली. पंधरा दिवस.
दोन मामांनी बोलणं सोडलं.
धाकटा कचेरीत आला, रुमालांकडे बघत बसला,
चहा तसाच ठेवून गेला.
हरकत मात्र कुणी घेतली नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

आता साडेचार गुंठ्यांपुढे माझं नाव आहे, मुख्य सदरी.
आणि इतर हक्कांत, मी होते तिथे,
बँकेचा बोजा. तुझ्या दोन वर्षांचा.
रकाना रिकामा म्हणून राहत नाही.

हे तुला सांगायचं होतं कालच,
पण तू टार्टूच्या बर्फात होतीस,
घानाच्या मैत्रिणीला सुकटीचा वास आवडला म्हणून खूश.
मग म्हणालीस, एका अर्जात ‘मूळ विद्यापीठ’ विचारलंय,
तिन्हींपैकी कुठलं लिहू?
वर्गात सगळ्यांनी तो कोराच ठेवलाय.

कोरा ठेवू नकोस, बाय.
कोऱ्या जागेत मागाहून कुणीही काहीही लिहितं,
मी ती अक्षरं रोज बघते, शाई वेगळी असते.
कळत नसेल तर आडवी रेघ मार,
खाली तारीख टाक.

आणि ती तीन शिक्क्यांची पदवी हातात आली
की मला नक्कल पाठव, साक्षांकित.
मूळ तुझ्याकडे ठेव.
मूळ कुणाला द्यायचं नसतं,
मीही मागितलं तरी.